कुठले सलिव्हन? बेरा द्वीपकल्पातल्या एका आडनावाचं जनगणनेतलं प्रकरण

आयर्लंडच्या नैऋत्य टोकाला, केनमेअर आणि बँट्री या दोन खाड्यांच्या मधोमध, बेरा नावाचं अरुंद डोंगराळ द्वीपकल्प अटलांटिकमध्ये शिरलेलं आहे. त्याचा बराचसा भाग कॉर्क काउंटीत येतो, उत्तरेकडची पट्टी केरी काउंटीत. १९०१ च्या जनगणनेत इथल्या घराघरांत भरलेली पत्रकं आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने जशीच्या तशी छायाचित्रं काढून सगळ्यांसाठी विनामूल्य खुली केली आहेत. ॲलिहीज, आयरीज, ॲड्रिगोल, बेर बेट या भागांची पानं वाचायला बसलं की थोड्याच वेळात वाट चुकल्यासारखं होतं. कुटुंबप्रमुख जॉन सलिव्हन. पुढच्या घरी डॅनियल सलिव्हन. मग एखादं हॅरिंग्टन, एखादं शे, आणि पुन्हा जॉन सलिव्हन. या जॉनची बायको मेरी, आणि वर ज्या जॉनला मागे सोडून आलो त्याची बायकोही मेरीच.

या पत्रकांकडे मी वळलो त्याचं कारण आपल्या इथलं आहे. १९०१ च्या १ मार्चला ब्रिटिश हिंदुस्थानात शिरगणती झाली आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेच्या रात्री आयर्लंडमध्ये. साम्राज्य एकच, मोजणीची हौसही एकच. पण आपल्याकडे मुंबई इलाख्याचे छापील तक्ते तेवढे उरले. घरोघरच्या मूळ नोंदी बेरजा झाल्यावर कुणी जपल्या नाहीत. माझ्या पणजोबांच्या घराची १९०१ ची ओळ मला कधीच वाचता येणार नाही. आयर्लंडमधल्या एखाद्या खोपटात राहणाऱ्या शेतमजुराची मात्र वाचता येते, त्याच्या सहीसकट, आणि सही येत नसेल तर त्याने काढलेल्या फुलीसकट. ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्याच्याकडे ती नाही त्यालाच कळतं.

सलिव्हन हे आडनाव कुठे होतं, किती होतं आणि कोणत्या माणसांचं होतं, हे या नोंदींवरून किती दूरपर्यंत सांगता येतं, एवढाच या प्रकरणाचा प्रश्न आहे. पहिल्या दोन भागांचं उत्तर सोपं निघतं. तिसऱ्या भागापाशी मात्र आडनावच हात टेकतं.

आकडे कुठून येतात

जनगणनेवरून आडनावांची वाटणी काढायची म्हटलं तर आयर्लंडमध्ये पहिली अडचण अशी, की एकोणिसाव्या शतकातली जनगणना जवळपास शिल्लकच नाही. १८२१ पासून दर दहा वर्षांनी गणना झाली. १८२१ ते १८५१ या चार गणनांची पत्रकं डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतल्या सार्वजनिक अभिलेख कार्यालयात होती. यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी ते कार्यालय स्फोटात आणि आगीत गेलं आणि थोडे तुकडे सोडले तर चारही गणना राख झाल्या. १८६१ आणि १८७१ ची पत्रकं त्याआधीच, गणना आटोपल्यावर सरकारने स्वतःच नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या लगद्यात गेली. पूर्ण उरल्या त्या दोनच: १९०१ आणि १९११. स्वातंत्र्ययुद्धामुळे १९२१ ची गणना झालीच नाही.

म्हणून आडनावांच्या प्रसाराविषयी बोलताना संशोधक एका वेगळ्या कागदाचा आधार घेतात. रॉबर्ट मॅथेसन या अधिकाऱ्याने १८९० या एका वर्षात आयर्लंडभर नोंदलेल्या १,०५,२५४ जन्मांची सूची घेतली आणि कोणत्या आडनावाची किती बाळं जन्मली ते मोजलं. त्या काळच्या जन्मप्रमाणानुसार दर ४४.८ माणसांमागे वर्षाला एक जन्म होत होता. त्या पटीने गुणून त्याने प्रत्येक मोठ्या आडनावाची अंदाजे लोकसंख्या काढली. १,३८६ जन्मांसह मर्फी पहिलं, १,२४२ जन्मांसह केली दुसरं, ९७५ जन्मांसह सलिव्हन तिसरं. म्हणजे देशभरात अंदाजे ४३,६०० सलिव्हन.

मला मॅथेसनची ही युक्ती आवडते, कारण ती साधी आहे आणि तिच्या मर्यादा उघड दिसतात. जिथली तरुण मंडळी जहाजाने निघून गेली आणि म्हातारीच मागे राहिली, तिथे बाळं कमी जन्मणार आणि त्या भागातलं आडनाव प्रत्यक्षापेक्षा लहान दिसणार. नैऋत्य आयर्लंड नेमकं तसंच होतं. १८४१ मध्ये कॉर्क काउंटीची लोकसंख्या ८,५४,११८ होती, १९०१ मध्ये ती ४,०४,६११ उरली. केरीत २,९३,८८० ची १,६५,७२६ झाली. दुष्काळ, उपासमार, ताप आणि मग न थांबणारं देशांतर. या दोन काउंट्यांचं आडनाव मोजताना निम्मी माणसं आधीच कागदाबाहेर गेलेली आहेत, हे मनात धरून चालावं लागतं.

तरीही आडनाव आपल्या जागेला चिकटून राहिलेलं दिसतं. आयर्लंडचे पहिले चीफ हेरल्ड, म्हणजे घराणी आणि त्यांची मानचिन्हं यांची नोंद ठेवणारे सरकारी अधिकारी, एडवर्ड मॅक्लायसाट यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला लिहिताना नोंदवलं आहे की देशातले सुमारे ऐंशी टक्के सलिव्हन कॉर्क आणि केरी या दोनच काउंट्यांत आहेत आणि उरलेल्यांतले बहुतेक लिमरिक काउंटीत किंवा डब्लिन शहरात. मर्फी किंवा केली यांचं तसं नाही. ती आडनावं वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसलेल्या मूळपुरुषांपासून निघाली आणि देशभर विखुरली. सलिव्हन हे एका मोठ्या भावकीचं आडनाव आहे.

ही भावकी मुळात बेराची नव्हे. आयरिशमध्ये तिचं नाव ओ सूलवान. त्यातल्या ‘सूल’चा अर्थ डोळा, उरलेल्या भागाचा अर्थ काळा, एकच की ससाण्यासारखा, यावर अजून वाद आहे. त्यांचं जुनं ठाणं टिपररी काउंटीत शूर नदीकाठी नॉकग्राफनला होतं. बाराव्या शतकाच्या अखेरीस नॉर्मन सरदारांच्या रेट्याने ती नैऋत्येकडे सरकली आणि दोन मोठ्या शाखांत वाटली गेली: केनमेअरजवळ डनकेरनचे ओ'सलिव्हन मोर आणि बेरातले ओ'सलिव्हन बेर. बेर शाखेचा डनबॉय किल्ला जून १६०२ मध्ये इंग्रजांनी तोफांनी पाडला. त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला डोनल कॅम ओ'सलिव्हन बेर सुमारे हजार माणसं, त्यात बायकामुलं, घेऊन ग्लेनगॅरिफहून उत्तरेकडे निघाला. दोन आठवडे लढत, गोठत, उपाशी चालत ते लीट्रिमला पोचले तेव्हा त्याच्यासोबत ३५ जण उरले होते. म्होरके गेले, जमिनी गेल्या. साधी माणसं मात्र डोंगरउतारांवर आणि खाडीकाठी तशीच राहिली, आणि तीनशे वर्षांनी एक हवालदार पत्रकांची चळत घेऊन त्यांच्या दारात उभा राहिला.

‘ओ’ येतो आणि जातो

तो हवालदार रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा. आयर्लंडमध्ये प्रगणकाचं काम शिक्षकांकडे नव्हे, पोलिसांकडे होतं. गणनेच्या आधी तो घराघरात ‘फॉर्म ए’ देऊन जायचा आणि नंतर गोळा करायचा. कुटुंबप्रमुखाला लिहिता येत नसेल तर स्वतः भरून द्यायचा. घराच्या भिंती, छप्पर, खोल्या, पुढच्या खिडक्या यांचं वेगळं पत्रक, ‘फॉर्म बी-१’, तर पूर्ण त्याच्याच हातचं. म्हणजे एकाच घराचं आडनाव दोन कागदांवर दोन हातांनी लिहिलेलं असू शकतं. एकावर ‘ओ'सलिव्हन’, दुसऱ्यावर नुसतं ‘सलिव्हन’.

हा ‘ओ’ म्हणजे ‘चा नातू’, ‘च्या वंशातला’. इंग्रजी अंमलाखाली सतराव्या-अठराव्या शतकांत तो आडनावांवरून गळत गेला, कारण न्यायालयात, भाडेपट्ट्यावर, नोकरीच्या अर्जावर आयरिशपणाची ती खूण अडचणीची ठरायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वारं फिरलं. १८९३ मध्ये गेलिक लीग ही आयरिश भाषेसाठी झटणारी संस्था स्थापन झाली, भाषेचा आणि खेळांचा अभिमान जागा झाला, आणि लोक आपला ‘ओ’ परत लावू लागले. या एका आडनावावर ते मोजताही येतं: १८६६ च्या जन्मनोंदींत सलिव्हन मंडळींपैकी केवळ ४ टक्क्यांनी ‘ओ’ लावला होता, १९४४ मध्ये हे प्रमाण ६० टक्के झालं.

इथे नवख्याची हमखास चूक होते. ओ'सलिव्हन या नावाचे जिल्हावार आकडे काढून कुणी १८६६ ते १९४४ चा आलेख मांडला तर एक लहानसं कुळ ऐंशी वर्षांत पंधरा पटींनी फोफावल्यासारखं दिसेल. प्रत्यक्षात तीच माणसं आणि त्यांचीच नातवंडं, बदलली ती सही. १९०१ मध्ये सलिव्हन म्हणून सापडलेलं घर १९११ मध्ये सापडत नाही आणि शोधणारा ठरवतो की कुटुंब अमेरिकेला गेलं. कुटुंब तिथेच असतं, त्याच चुलीपाशी. सूचीत फक्त ‘स’वरून ‘ओ’वर गेलेलं.

काही घरांनी १९११ चं पत्रक आयरिशमध्ये भरलं. तिथे आणखी एक गंमत होते आणि ती भाषेच्या व्याकरणातली आहे. आयरिशमध्ये बाईचं आडनाव पुरुषासारखं राहत नाही. मुलगी ‘नी हूलवान’, लग्न होऊन आलेली सून ‘बॅन ई हूलवान’. सुरुवातीच्या ‘स’चा उच्चार ‘ह’ होतो आणि लिहिताना ‘स’च्या पुढे एक ‘ह’ येऊन बसतो. एकाच छपराखाली बाप, आई आणि मुलगी यांची तीन आडनावं. यंत्राने बनवलेल्या किंवा घाईत उतरवलेल्या सूचीत ती तीन वेगळी कुटुंबं होऊन जातात. आडनावाची लोकसंख्या मोजणाऱ्याने हे घर एकदा धरायचं की तीनदा, आणि सलिव्हनमध्ये धरायचं की नाही, हे त्याला ठरवावंच लागतं. मी धरतो, आणि एकदाच धरतो.

याउलट अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये गेलेले बरेच जण सलिव्हनच राहिले. त्यांची जहाजं ‘ओ’ परत येण्याआधीच निघाली होती. त्यामुळे बिनाओचं आडनाव कधीकधी कुटुंब कोणत्या पिढीत बाहेर पडलं याचा पुसटसा इशारा देतं. इशाराच, पुरावा नव्हे.

जॉन, डॅनियल, जेरेमाया

आडनाव सारखं, तर निदान पाळण्यातल्या नावावरून माणूस वेगळा काढता येईल असं वाटतं. तेही होत नाही. या भागात नाव ठेवण्याची रीत ठरलेली होती: पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, पहिल्या मुलीला बहुधा आईच्या आईचं. आजोबा जॉन असेल आणि त्याला पाच मुलगे असतील तर पाच घरांत पाच जॉन सलिव्हन वाढणार, बहुतेक एकाच वाडीत आणि जवळपास एकाच वयाचे.

त्यात या नावांना इंग्रजी झूल. घरी डोनल म्हणून हाक, कागदावर डॅनियल. घरी टाइग, कागदावर टिमथी. डियरमिडचा जेरेमाया व्हायचा, नाहीतर डार्बी, कॉनरचा कॉर्नेलियस, ओअनचा यूजीन. फिनीन या अस्सल पुरुषी नावाचं कागदी रूप तर फ्लोरेन्स. बाकीच्या जगात ते बाईचं नाव, त्यामुळे कॉर्कमधल्या एखाद्या फ्लोरेन्स सलिव्हनला आजच्या सूचीत कुणी स्त्री ठरवलं तर नवल नाही. गॉबनट या संत स्त्रीचं नाव ल्यालेली मुलगी कागदावर ॲबिगेल होते. ही जोडनावं अर्थाने जुळत नाहीत, वंशाने जुळत नाहीत. कानाला जरा जवळची वाटली, कुण्या पाद्रीने किंवा कारकुनाने बसवली आणि रुळली. मला याचं वाईट वाटतं. दोन्ही काउंट्यांतल्या हजारो माणसांनी जन्मभर एक नाव ऐकलं आणि सरकारच्या दप्तरात दुसरंच सोडून गेली.

मग गावात माणसं एकमेकांना ओळखायची कशी? उत्तर जुनंच आहे: टोपणनावाने, आणि ते टोपणनाव पिढ्यान्‌पिढ्या चालवून. ‘रुआ’ म्हणजे तांबड्या केसांचा, ‘बॉन’ म्हणजे गोरा, पांढुरका. अठराव्या शतकातला केरीचा विख्यात कवी ओअन रुआ ओ सूलवान, त्याच्या नावात हा ‘रुआ’ मधोमध बसला आहे. बेरात अशी नावं घराण्याला चिकटायची. एखाद्या पूर्वजाचे केस पांढरे होते म्हणून त्याचे पणतू, मग त्यांचे केस काळेभोर का असेनात, ‘बॉन’ सलिव्हनच. नाहीतर बापाचं नाव मागे लावून काम चालायचं: मायकेलचा डॅन, त्या डॅनचा जॉन. आडनाव सगळ्यांचंच असल्यामुळे ते गावात जवळपास कुणीच उच्चारत नव्हतं.

जनगणनेच्या पत्रकात या शाखानावांसाठी रकाना नाही. नाव, आडनाव, कुटुंबप्रमुखाशी नातं, धर्म, शिक्षण, वय, लिंग, धंदा, विवाह, जन्मस्थान, आयरिश भाषा, व्यंग, एवढं विचारलं. एखाद्या प्रगणकाला किंवा कुटुंबप्रमुखाला वाटलं तर शाखानाव कुठेतरी घुसतं, पण तो अपवाद.

याच माणसांचं शाखानाव दुसऱ्या एका सरकारी कागदात मात्र नियमाने सापडतं, आणि मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८६४ या काळात आयर्लंडभर जमिनीची आणि घरांची मूल्यनिश्चिती झाली, गरिबांच्या मदतीचा स्थानिक कर बसवण्यासाठी. त्या छापील याद्यांत एकाच टाउनलँडमध्ये एकाच नावाचे दोन भोगवटादार आले की त्यांच्यापुढे कंसात खूण घातली जाते. जॉन सलिव्हन (बॉन). जॉन सलिव्हन (डॅन), म्हणजे डॅनचा जॉन. टाउनलँड म्हणजे आपल्या शिवाराएवढा जमिनीचा सगळ्यात लहान नावाचा तुकडा. त्यात तीन-चार जॉन सलिव्हन असले तर कर नेमका कुणाकडून घ्यायचा हे कळल्याशिवाय वसुली होणार कशी? पैसे मागायचे होते म्हणून सरकारने गावातलं नाव विचारलं. डोकी मोजायची होती तेव्हा विचारलं नाही. जनगणनेला चार जॉन सलिव्हन मिळाले की बेरीज चार झाली, काम संपलं.

म्हणून बेरातलं एखादं सलिव्हन घर शोधताना मी जनगणनेपासून सुरुवात करत नाही, जमिनीपासून करतो. ग्रिफिथच्या यादीतला प्रत्येक तुकडा नकाशावर क्रमांकाने दाखवलेला आहे. त्यानंतर मूल्यनिश्चिती खात्याने वह्या ठेवल्या. भोगवटादार बदलला की जुनं नाव खोडून नवं लिहायचं, बहुधा वेगळ्या रंगाच्या शाईत, शेजारी वर्ष. जॉन (बॉन) च्या जागी अमुक वर्षी मायकेल, त्याच्या जागी तमुक वर्षी त्याची विधवा, मग मुलगा. या रंगीत खाडाखोडीला धरून १९०१ पर्यंत उतरलं की जनगणनेतल्या त्याच टाउनलँडच्या अनेक घरांतलं आपलं घर कोणतं ते कळू शकतं. ‘बी-१’ पत्रकात घर कुणाच्या जमिनीवर उभं आहे त्याचंही नाव असतं, तो दुवा इथे उपयोगी पडतो. कष्टाचं काम आहे, पण चार जॉन सलिव्हनमधून एक वेगळा काढण्याचा याहून सरळ रस्ता मला सापडलेला नाही.

पत्रकात नसलेली माणसं

१९११ च्या पत्रकात एक नवा प्रश्न होता आणि तो विवाहित स्त्रियांना होता: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यातली आज किती हयात आहेत. विधवांनी तो भरायचा नव्हता. काहींनी तरीही भरला आणि मग कुणीतरी त्यावर रेघ मारली. ती रेघ मारलेली ओळसुद्धा आज वाचता येते, त्याबद्दल मी त्या विधवांचा ऋणी आहे.

हा रकाना आडनावाच्या अभ्यासाला वेगळंच वळण देतो. समजा, एखाद्या बाईने लिहिलं आहे: जन्मलेली मुलं दहा, हयात नऊ. आणि त्या रात्री घरात झोपलेली मुलं तीन. मग सहा सलिव्हन कुठे आहेत? एखादी मुलगी लग्न होऊन पलीकडच्या वाडीत गेली असेल. एखादा मुलगा मासेमारीच्या होडीवर असेल. बाकीचे बहुतेक समुद्रापार. एकाच टाउनलँडमधल्या सगळ्या घरांची अशी वजाबाकी करत गेलं की तिथे न मोजलेल्या माणसांचं एक गावच उभं राहतं.

बेरातून गेलेली माणसं कुठे गेली हे बऱ्यापैकी ठाऊक आहे, कारण ती तांब्याच्या मागे गेली. ॲलिहीजला १८१२ च्या सुमारास पक्सली घराण्याने तांब्याच्या खाणी सुरू केल्या. कसबी खाणकामगार इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आणले. त्यांच्यासाठी १८४५ मध्ये बांधलेल्या मेथडिस्ट प्रार्थनाघरात आज खाणींचं संग्रहालय आहे. अंगमेहनतीला स्थानिक सलिव्हन आणि हॅरिंग्टन. १८८० च्या दशकात खाणी बंद पडल्या, पण तोवर दोन-तीन पिढ्यांना जमिनीखाली काम करायची सवय झाली होती. ते हात मिशिगनच्या तांब्याच्या पट्ट्यात गेले आणि तिथून रॉकी पर्वतातल्या ब्यूट गावी, मॉन्टानात. तिथला मोठा खाणमालक मार्कस डेली स्वतः आयर्लंडच्या कॅव्हन काउंटीतला. १९०० च्या सुमाराला ब्यूट आणि त्याच्या परिसरात दर चार माणसांमागे एक आयरिश होता, आणि त्यांत बेराचा वाटा मोठा.

अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत माणसाचं, त्याच्या बापाचं आणि आईचं जन्मस्थान विचारलं आहे, देशात कधी आला तेही. उत्तर मात्र एका शब्दाचं: आयर्लंड. काउंटी नाही, परगणा नाही, वाडी तर नाहीच. इथे आडनाव, जे बेरात काही कामाचं नव्हतं, ते एकदम कामाचं होतं. शिकागोतल्या एखाद्या केलीबद्दल काहीच सांगता येत नाही. ब्यूटच्या खाणीत सलिव्हन दिसला, शेजारी हॅरिंग्टन आणि शे दिसले, तर बेराकडे बोट दाखवता येतं. आयर्लंडमध्ये हॅरिंग्टन हे बेराचंच खास आडनाव, मूळ आयरिश नावावर बसवलेला इंग्रजी मुखवटा. ही आडनावं एकटी नव्हे, जथ्याने प्रवास करतात आणि जथ्यानेच ओळखू येतात.

त्याआधी निघालेल्यांचं काय? आयोवातल्या वॉटर्लू गावचे पाच सलिव्हन भाऊ नोव्हेंबर १९४२ मध्ये यूएसएस जूनो या युद्धनौकेवर एकत्र मरण पावले. त्यांच्या नावाने पुढे अमेरिकी नौदलाने दोन विनाशिका बांधल्या. त्यांचा पणजोबा ॲड्रिगोलजवळच्या ट्राफ्रास्कहून १८४९ मध्ये, दुष्काळाच्या काळात निघाला होता. म्हणजे १८४१ च्या गणनेत तो नक्कीच कुठल्यातरी ओळीवर असणार, आणि ती ओळ १९२२ मध्ये जळाली. त्याचं गाव टिकलं ते घरच्यांच्या तोंडी, आणि बेरातल्या लोकांनी ती आठवण जपली म्हणून.

वयाच्या रकान्याबद्दल थोडं

१९०१ आणि १९११ या दोन्ही गणना शेजारी ठेवून तोच माणूस ओळखायचा तर वय दहा वर्षांनी वाढलेलं हवं. ते बऱ्याचदा तेरा, पंधरा, सतरा वर्षांनी वाढलेलं असतं. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत पेन्शन मिळू लागली. आयर्लंडमध्ये सर्वांसाठी जन्मनोंद सक्तीची झाली १८६४ मध्ये. १८३९ मध्ये जन्मलेल्याकडे दाखला कुठून असणार? त्यांनी १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत आपलं नाव शोधून द्या म्हणून अर्ज केले आणि कारकुनांनी शोधून उत्तरं लिहिली. नंतर मूळ जनगणना जळाली, पण हे अर्ज वाचले. एखाद्या म्हाताऱ्याने पाच शिलिंगांसाठी केलेल्या अर्जात त्याच्या लहानपणच्या घराची चार नावं टिकून राहिली आहेत. म्हणून १९११ मध्ये वय फुगलेलं दिसलं तर मी त्याला लबाडी म्हणत नाही. कित्येकांना आपलं वय खरंच माहीत नव्हतं. ते पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा त्याला पैशाचं मोल होतं.

सलिव्हन घरांच्या भाषेच्या रकान्यातही पिढ्या दिसतात. आईबापांपुढे ‘आयरिश आणि इंग्रजी’, एखाद्या आजीपुढे नुसतं ‘आयरिश’, शाळकरी मुलांपुढे कोरी जागा. कोरी जागा म्हणजे फक्त इंग्रजी. तसाच नियम होता. देशभरात आयरिश बोलणारे १९०१ मध्ये ६,४१,१४२ होते, १९११ मध्ये ५,८२,४४६. त्या छापील आकड्यातली घसरण इथे एकाच पानावर, वरून खाली वाचत जाताना दिसते.

पुढची गणना

यापुढची गणना झाली १८ एप्रिल १९२६ रोजी, स्वतंत्र झालेल्या राज्याची पहिली. दारात आता गार्डा पोलीस आला. आयर्लंडच्या कायद्याने जनगणनेची पत्रकं शंभर वर्षं बंद राहतात, म्हणजे या गणनेची मुदत एप्रिल २०२६ ची. तोवर ‘ओ’ परतण्याची लाट बरीच पुढे गेली होती, त्यामुळे बेरातली कोणती घरं १९११ ते १९२६ मध्ये सलिव्हनची ओ'सलिव्हन झाली हे घरागणिक पाहता येईल. वय वर्षं आणि महिन्यांत विचारलं होतं, म्हणून पेन्शनने हललेली वयं तपासता येतील.

माझं लक्ष मात्र दुसऱ्याच रकान्यावर आहे. १९२६ मध्ये शेतकऱ्याला त्याच्याकडे किती एकर जमीन आहे ते विचारलं होतं. एकाच टाउनलँडमध्ये चार जॉन सलिव्हन असतील, पण चौघांची जमीन सारखीच असण्याची शक्यता कमी. एकाची अकरा एकर, दुसऱ्याची तीस. तो आकडा मूल्यनिश्चितीच्या वहीतल्या तुकड्याशी जुळला, की त्या वहीतल्या खोडलेल्या नावांवरून मागे मागे जाता येतं, निळ्या शाईवरून तांबड्या शाईवर, मुलावरून बापावर, आणि शेवटी ग्रिफिथच्या छापील यादीतल्या त्या कंसापर्यंत, जिथे लिहिलेलं असतं तो ‘बॉन’ होता की डॅनचा मुलगा.